उत्तर आले, पण कोणाचे?

धाराशिव जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत एक छोटा सर्व्हर आहे. लोलकाची, भिंगांची निरीक्षणे विद्यार्थी त्यावर साठवतात आणि शेजारच्या खोलीतील संगणकांवर उघडतात. एके वर्षी प्रात्यक्षिक परीक्षा आठवड्यावर आली आणि या फाइली मधूनच दिसेनाशा होऊ लागल्या. एक दिवस सारे सुरळीत, तर दुसऱ्या दिवशी कोणालाच काही उघडेना. असे का व्हावे?

प्रथम रचना समजून घेऊ. फाइली वाटून देण्याचे काम ‘सांबा’ नावाची आज्ञावली करते. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१च्या सुमारास तिची सुरुवात केली. आमच्याकडे ती ‘डॉकर’च्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या आत आखलेल्या एका बंदिस्त जागेत चालते. जुन्या वाड्यातील भाडेकऱ्याची खोली डोळ्यांसमोर आणा. पत्र वाड्याच्या पत्त्यावर येते आणि देवडीवरून आत पोहोचते. त्याचप्रमाणे सर्व्हरच्या पत्त्यावर, ४४५ क्रमांकाच्या द्वारी आलेली मागणी कंटेनरमध्ये जाते. पण रस्त्यावरून भाडेकऱ्याला मारलेली हाक आतल्या खोलीत ऐकू येत नाही. नावाने शोध घेताना संगणक अशीच सर्वांना हाक देतात आणि ती कंटेनरच्या वेगळ्या जाळ्यात शिरत नाही. म्हणून आम्ही सर्व्हरचा अंकी पत्ता, १९२.१६८.१.१०, भिंतीवर लिहून ठेवला होता.

बिघाड होताच आम्ही त्या पत्त्यावर ‘पिंग’ हा संकेत पाठवला. उत्तर तत्काळ आले! सर्व्हर ठीक आहे असे मानून आम्ही तारा बदलल्या, कंटेनर पुन्हा सुरू केला. सारे व्यर्थ! मग रोजची नोंद ठेवली. बिघाड वीज जाऊन आल्यावरच होत होता. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा ओळखक्रमांक असतो. ‘एआरपी’ या आज्ञेने उत्तर देणाऱ्याचा क्रमांक पाहिला, तर तो निघाला प्रिंटरचा!

आता उलगडा सोपा होता. अंकी पत्ते रूटर वाटतो. वीज गेली की आमच्या रूटरची वाटपाची यादी पुसली जाई. वीज आल्यावर प्रिंटर काही सेकंदांत जागा होऊन पत्ता मागे. सर्व्हरला मात्र मिनिटे लागत. तोवर त्याचा जुना पत्ता प्रिंटरला गेलेला असे. ज्या दिवशी प्रिंटर बंद, त्या दिवशी सर्व्हरला तोच पत्ता परत मिळे आणि सारे सुरळीत चाले.

सर्व्हरचा ओळखक्रमांक रूटरमध्ये नोंदवून आम्ही तो पत्ता त्याच्यासाठी कायमचा राखून ठेवला. दुसरे काहीही बदलले नाही; नाहीतर गुण कशाने आला हे कळले नसते. त्यानंतर वीज अनेकदा गेली, फाइली मात्र जागेवर राहिल्या.

प्रयोगशाळेत मापकाचा काटा हलला की आपण खूश होतो. पण तो आपल्याला हव्या त्याच राशीने हलला का, हे तपासल्यावाचून निरीक्षण वहीत लिहू नका.