रंगाच्या पाण्याचा हिशेब : तिरुपूरकडून घेण्यासारखा धडा

कापडाच्या धंद्यात आम्ही सूत, मजुरी, रंगाई, दलाली, वाहतूक या प्रत्येक बाबीचा हिशेब ठेवतो. रंगाईनंतर जे पाणी नाल्यात जाते त्याचा हिशेब मात्र आपल्यापैकी फार थोडे लोक ठेवतात. हे पाणी फुकट जाते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते फुकट जात नाही. त्याची किंमत आधी शेतकरी मोजतो आणि नंतर कारखानदार व व्यापारी मोजतात.

काही वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत आमचा माल एका प्रोसेस हाऊसमध्ये अडकला. सांडपाण्याच्या कारणावरून त्याची वीज तोडली गेली होती. ग्रे कापड आत, गिऱ्हाईक दारात आणि उधारी डोक्यावर, अशी आमची अवस्था झाली. आम्ही त्या मालकावर खूप चिडलो. पण खरे सांगायचे तर त्याचा मीटरमागे दर सर्वांत कमी होता म्हणूनच आम्ही माल त्याला दिला होता. दर कमी का, हे आम्ही विचारले नव्हते. या चुकीत आमचाही वाटा होता. म्हणून तमिळनाडूतील तिरुपूरची हकिगत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

तिरुपूरमध्ये काय घडले?

तिरुपूर हे होजिअरी मालाच्या निर्यातीचे देशातील सर्वांत मोठे केंद्र. गाव नोय्यल नदीच्या काठी आहे आणि ही नदी पुढे कावेरीला मिळते. सुती कापडाच्या रंगाईत मीठ फार लागते. गडद रंग असेल तर किलोभर कापडामागे अर्धा किलो किंवा त्याहूनही अधिक. हे मीठ कापडात राहत नाही, सगळे पाण्याबरोबर बाहेर पडते. ते नोय्यलमध्ये गेले. खाली शेतीसाठी बांधलेल्या ओरथुपालयम धरणात रंगीत, खारट पाणी साचले. विहिरी खाऱ्या झाल्या, शेते नापीक झाली आणि शेतकरी न्यायालयात गेले.

१९९० च्या दशकात तेथे सामायिक शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. त्यांनी रंग व गाळ कमी केला, पण विरघळलेले मीठ तसेच राहिले. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसे, पिकाला मात्र विष होते. २००६ साली मद्रास उच्च न्यायालयाने लिटरमागे ६ पैशांपासून चढत जाणारा दंड लावला आणि एक थेंबही बाहेर जाता कामा नये असा आदेश दिला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही शेतकऱ्यांची बाजू मान्य केली. तरीही सुधारणा पुरेशी झाली नाही. अखेर जानेवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक रंगाई कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. कामगार घरी बसले, ऑर्डरी अडकल्या आणि बरेच काम इतर गावांत गेले.

नवा उद्योग कसा उभा राहिला?

येथून पुढचा भाग व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावा. पाणी बाहेर न सोडण्याची पद्धत अशी : सर्व कारखान्यांचे पाणी एका टाकीत एकत्र करतात. जिवाणूंच्या साह्याने त्यातील घाण कमी करतात. नंतर ते गाळून आर.ओ.च्या पडद्यांतून दाबाने पाठवितात. बहुतांश पाणी शुद्ध होऊन पुन्हा रंगाईला मिळते. उरलेले दाट खारे पाणी बाष्पीभवन यंत्रात आटवून मीठ वेगळे काढतात. या शेवटच्या पायरीला इंधन फार लागते आणि खरा खर्च तेथेच आहे.

या खर्चावर एक उपाय सापडला. सगळे खारे पाणी आटवण्याऐवजी ते स्वच्छ करून मिठाच्या द्रावणाच्या रूपातच रंगाईला परत द्यायचे. अरुलपुरम येथील केंद्रात तमिळनाडू वॉटर इन्व्हेस्टमेंट कंपनीच्या मार्गदर्शनाखाली हा प्रयोग करून दाखविण्यात आला आणि मग इतर केंद्रांना धीर आला. राज्य सरकारने सुमारे २०० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. आज तिरुपूरमध्ये अशी १८ सामायिक केंद्रे आहेत.

या केंद्रांमुळे एक वेगळाच धंदा निर्माण झाला. पडदे, पंप, बाष्पीभवन यंत्रे, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा, केंद्र चालविणारे तंत्रज्ञ, दुरुस्ती करणारे कारागीर या सर्वांना काम मिळाले. जे आधी दंडाचे कारण होते तेच रोजीचे साधन झाले.

हे कशामुळे शक्य झाले, याची चार कारणे आम्हांस दिसतात. पहिले, नियम सर्वांना सारखा लागू झाला. एकाने पाळायचा आणि शेजाऱ्याने चोरायचा असे असेल तर प्रामाणिक माणूसच बुडतो. दुसरे, भांडवल सोयीच्या अटींवर मिळाले. तिसरे, चालू असलेले एक केंद्र डोळ्यांनी पाहता आले. चौथे, परत मिळालेल्या पाण्याला व मिठाला किंमत होती, कारण तेथे पाणी विकत घ्यावे लागते.

आपण काय करावे?

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर येथील वस्त्रोद्योगात आपले हजारो बांधव आहेत. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची जी साथ आली, ती पाण्याची हेळसांड किती महाग पडते हे सांगून गेली. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मग नदीच नासवून कमावलेल्या नफ्यात बरकत कोठून येणार? आमच्या मते पुढील गोष्टी आजच करता येतील.

१) ठोक व्यापाऱ्यांनी माल देण्यापूर्वी प्रोसेस हाऊसकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र मागावे व त्याची मुदत पाहावी. शुद्धीकरण करणाऱ्यास मीटरमागे थोडा जास्त दर द्यावा.

२) छोट्या कारखानदारांना एकेकट्याने केंद्र उभारणे परवडत नाही. तिरुपूरप्रमाणे अनेकांनी मिळून कंपनी काढावी आणि जितके पाणी सोडणार तितका वाटा घ्यावा. हा शिर्कतचाच व्यवहार आहे. त्यात व्याज टाळण्याची सोयही पाहता येईल.

३) सामायिक केंद्रांसाठीच्या योजनेत २०१२ साली केंद्राचा ५० टक्के, राज्याचा २५ टक्के व कारखानदारांचा २५ टक्के वाटा ठरला होता. सध्या कोणती योजना चालू आहे याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. अर्ज कारखानदारांच्या संघटनेमार्फत करणे चांगले.

४) आपल्या मुलांना केवळ मागावर बसविण्यापेक्षा आय.टी.आय. व केमिकल डिप्लोमाकडे पाठवावे. पाणी तपासणारा आणि केंद्र चालविणारा माणूस आता प्रत्येक वस्त्रोद्योगाच्या गावाला लागणार आहे.

तिरुपूरने हुकूम येईपर्यंत वाट पाहिली आणि त्याची फार मोठी किंमत मोजली. आपल्यापुढे त्यांचा अनुभव तयार आहे. तो वापरून आपण वेळेवर पाऊल उचलले तर कारखानेही चालतील आणि शेतकऱ्याची विहीरही गोड राहील, इन्शाअल्लाह.