जुन्या प्रणालीवर नवी रुजवताना



कंपनीची जुनी सॉफ्टवेअर प्रणाली बदलायची ठरली की सगळे नव्याने लिहून एका रात्रीत चालू करण्याचा मोह होतो. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये जवळजवळ हेच केले. सुमारे 52 लाख ग्राहकांची माहिती लॉइड्स बँकेच्या जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर एका शनिवार-रविवारात हलवली गेली. माहिती सुखरूप पोचली, पण नवी यंत्रणा भार पेलू शकली नाही. लाखो लोकांना स्वतःचे खाते उघडता येईना, आणि कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. 2022 मध्ये नियामकांनी बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून अधिक दंड केला.

नेटफ्लिक्सने दुसरी वाट धरली. ऑगस्ट 2008 मध्ये डेटाबेस बिघडून तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत, तेव्हा प्रणाली क्लाउडवर नेण्याचा निर्णय झाला. ते काम जानेवारी 2016 मध्ये संपले. एवढ्या तालेवार कंपनीलाही सात वर्षे लागली, आणि बिलिंगसारखा नाजूक भाग अगदी शेवटी हलवला गेला.

या सावकाश पद्धतीला सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी 2004 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जंगलातल्या एका झाडावरून नाव दिले. ते झाड वडाच्याच कुळातले. दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजायचे, मुळे खाली सोडायची आणि हळूहळू मूळ झाडाची जागा घ्यायची, ही त्याची रीत. सॉफ्टवेअरमध्ये जुन्या प्रणालीपुढे एक दार उभारतात. येणारी प्रत्येक विनंती आधी तिथे येते. सुरुवातीला सगळ्या विनंत्या जुन्याकडेच जातात, मग एकेक काम नव्याकडे वळवले जाते. बिघडलेच तर दार पुन्हा जुन्याकडे फिरवता येते. खरी कसोटी डेटाची असते. एकच नोंद दोन्हीकडे असेल तर खरी कुठली मानायची, हे पहिली ओळ लिहिण्याआधीच ठरवावे लागते.

जुन्या कोडमधल्या विचित्र अटींना कचरा समजू नये. 1 जुलै 2017 च्या आधीचे बिल वेगळ्या पद्धतीने छापणारी अट निरर्थक वाटते, पण जीएसटीपूर्वीचा व्यवहार पुन्हा उघडावा लागला की तीच कामाला येते. अशा अटींमागची कारणे कागदोपत्री क्वचित सापडतात. ती हिशेब विभागातल्या जुन्या माणसांना ठाऊक असतात, म्हणून आधी त्यांच्याजवळ बसावे.

मोनोलिथ, म्हणजे एकसंध प्रणाली, फोडून मायक्रोसर्व्हिस, म्हणजे छोट्या स्वतंत्र सेवा, करण्याची लाट 2014 च्या सुमारास आली. प्रोग्रामरांच्या वेगवेगळ्या तुकड्या आपापला भाग स्वतंत्रपणे बदलू शकतात, हा तिचा मोठा लाभ. किंमतही मोठी आहे. एकाच प्रोसेसमधली क्षणार्धात होणारी हाक नेटवर्कवरून गेली की उशीर होतो, ती मध्येच हरवतेही. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने 2023 मध्ये दृक्‌श्राव्य दर्जा तपासणारी सेवा विखुरलेल्या घटकांतून पुन्हा एका प्रोसेसमध्ये आणली आणि तिचा खर्च 90 टक्क्यांहून अधिक घटला. ज्याचे दुखणे नाही त्याचे औषध घेऊ नये. बहुतेक मध्यम कंपन्यांना आतून नीट विभागलेला मोनोलिथ पुरतो.

संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्येच दाखवले की संस्थेत माणसे जशी एकमेकांशी बोलतात, तशीच तिची प्रणाली घडते. प्रत्येक बदलासाठी चार विभागांच्या सह्या लागत असतील, तर सेवा चाळीस केल्या तरी त्या एकत्रच अडकून बसतात. तेव्हा तुकड्यांची रचना आणि प्रणालीची रचना एकाच बैठकीत ठरवावी.

पहिले काम लहान निवडावे, चुकले तर त्याच दिवशी मागे घेता येईल असे. आणि दोन महिनाअखेरींचे हिशेब दोन्हीकडे जुळल्याशिवाय जुनी प्रणाली बंद करू नये.