बर्फाखालचा गहू मरत कसा नाही?

प्रश्न : कॅनडा-युरोपात गव्हाची कोवळी रोपं महिनोन्महिने बर्फाखाली राहतात, तरी मरत नाहीत. ही संकरित बियाण्याची करामत का? आपला रब्बी गहूही थंडीतलाच; तो तिथे तगेल का?

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करू. आपला गहू तिथे तगणार नाही. नोव्हेंबरात पेरून मार्चमध्ये कापणीला येणारा हा गहू मुळात वसंती गटातला. तिथे बर्फाखाली राहतो तो हिवाळी गटातला; त्याला ओंबी धरण्याआधी कित्येक आठवडे 0 ते 10 अंशांच्या आसपासची थंडी लागते. ती मिळाली नाही, तर तो नुसता पानं आणि फुटवे काढत राहतो.

बर्फाचा थर रोपाला मारतो, हा समज तर उलटाच आहे. रोपाचा जीव पानांत नसून जमिनीखाली दोन-तीन सेंटीमीटरवरच्या बुडख्यात असतो. वरची पानं करपली तरी बुडखा शाबूत असेल, तर वसंतात तो पुन्हा फुटतो. बर्फाची दुलई असली की त्या खोलीवरची माती हवेइतकी गारठत नाही. खरं नुकसान होतं ते उघड्या शेतावर कडक थंडी पडते तेव्हा.

आता पेशीच्या आत पाहू. पाणी आधी पेशींच्या मधल्या जागेत गोठतं. हे बर्फ पेशीतलं पाणी बाहेर ओढतं, पेशी आक्रसते आणि तिचं पटल फाटू शकतं. म्हणजे गारठलेलं रोप बरंचसं कोरडं पडून मरतं. हे टाळायची तयारी शरद ऋतूतच होते. तापमान 10 अंशांखाली उतरू लागलं की वाढ मंदावते, पण प्रकाशसंश्लेषण चालूच राहतं. खर्च न झालेली साखर बुडख्यात साठते, काही फ्रुक्टनच्या रूपात. पटलातली मेदद्रव्यं बदलून ते लवचीक राहतं आणि पेशीला कोरडेपणात सांभाळणारी प्रथिनं तयार होतात. अशा कित्येक आठवड्यांच्या सरावानंतर कॅनडाच्या ‘नॉरस्टार’सारख्या काटक वाणाचा बुडखा उणे 20 अंशांच्या आसपासही जगतो. तेच रोप सराव न होता सापडलं, तर उणे चार-पाच अंशांतच संपतं.

हा सराव कायमचा मात्र नसतो. मध्येच ऊबदार दिवस आले की तो उतरतो. थंडीची गरज एकदा पुरी झाली की रोपाचा कल ओंबीकडे वळतो आणि पुन्हा तेवढं काटक होणं त्याला जमत नाही. म्हणून जानेवारीच्या गारठ्यातून वाचलेलं शेत मार्चच्या उशिरा आलेल्या कडाक्यात जातं.

राहिला संकराचा प्रश्न. गव्हाचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं. संकर करायचा तर एका बाजूला नरवंध्य करावं लागतं, त्यामुळे बियाणं महाग पडतं. एवढा खटाटोप मुख्यतः वाढीव आणि भरवशाच्या उत्पादनासाठी असतो. थंडी सोसण्याची ताकद नुसत्या संकराने उपजत नाही. संकरित पिढी बहुधा आईबापांच्या मधेच कुठेतरी राहते, कधी काटक बाजूकडे थोडी झुकते. त्यामुळे कडाक्याच्या प्रदेशासाठी संकर करणाऱ्याला आई आणि बाप दोन्ही काटकच निवडावे लागतात.