मावळ्याची ढाल

प्रस्तावना

दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातील मुले दगडमातीचा किल्ला उभारतात. त्यावर हळीव किंवा मोहरी पेरतात आणि बुरुजांवर रंगवलेले चिमुकले मावळे मांडतात. मावळ्याच्या हातात ढाल असते, कमरेला तलवार असते. ही बोटभर शस्त्रे रंगवण्याच्या कलेचा परिचय या पाठात करून दिला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• मराठा ढालीची रचना सांगू शकाल;
• लहान आकृतीवर सावली का रंगवावी लागते, हे स्पष्ट करू शकाल.

मूलपाठ

ढाल रंगवण्यापूर्वी ती समजून घ्यावी लागते. मराठ्यांची ढाल गोल व फुगीर असे. ती गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची, तर कधी पोलादाची असे. तिच्या दर्शनी भागावर, मध्याभोवती, धातूची चार फुले असत. ती केवळ शोभेची नव्हती. हाताची पकड ज्या कड्यांना बांधलेली असे, त्यांचे खिळे ढालीतून आरपार येत आणि या फुलांपाशी पक्के होत. आत मुठीला आघात लागू नये म्हणून लहानशी गादी असे. चित्रकाराने ही फुले अगदी कडेला रंगवली, तर नक्षी सुंदर दिसेल. परंतु ती ढाल कोणालाही धरता येणार नाही.

दुसरा विचार प्रमाणाचा. ६६ इंच उंचीचा माणूस ३ इंचांचा केला, की प्रत्येक वस्तू २२ पटींनी लहान होते. २२ इंच व्यासाची ढाल अवघी १ इंचाची उरते. एवढ्याशा वस्तूवर पडणारी नैसर्गिक सावली डोळ्यांना फारशी जाणवत नाही. म्हणून ती रंगानेच निर्माण करावी लागते.

प्रथम पांढरे अस्तर द्यावे. ते वाळल्यावर कातड्याचा तपकिरी रंग लावावा. नंतर पाण्यासारखा पातळ काळसर रंग सोडावा; तो आपोआप खाचांत उतरतो. तोही वाळल्यावर, जवळजवळ कोरडा कुंचला फिकट तपकिरी रंगात बुडवून उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. फुले शेवटी रंगवावीत : आधी काळा ठिपका, त्यावर किंचित लहान पितळी ठिपका. भोवती उरलेली काळी कड फुलाला उठाव देते.

तलवारीचे पातेच तेवढे चंदेरी असावे. म्यान लाकडाचे असून त्यावर कातडे किंवा मखमल चढवलेली असे. म्यानही चंदेरी रंगवले, तर उपसलेली आणि म्यानात ठेवलेली तलवार यांतील भेद नाहीसा होतो. पहाऱ्यावर शांत उभा असलेला मावळा आणि झुंजणारा मावळा सारखेच दिसू लागतात. रंगाची लहानशी चूक अशी त्या शिपायाची गोष्टच बदलून टाकते.

शब्दार्थ

अस्तर – रंगाचा पहिला, आधाराचा थर
म्यान – तलवार ठेवण्याचे आवरण
उठाव – स्पष्टपणे वर दिसणे

पाठगत प्रश्न

१. ढालीवरील चार फुलांचा उपयोग कोणता होता?
२. पातळ काळसर रंग कशासाठी सोडतात?
३. ‘रंगाची लहानशी चूक गोष्टच बदलून टाकते’, हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.