मेगरची सुई शून्यावर कां येते?

वीज खंडित झाली म्हणजे नांदेड व लातूर येथील रुग्णालयें आणि दाळीच्या गिरण्या डिझेलच्या जनित्रावर विसंबून राहतात. तें जनित्र महिनोन्‌महिने उभें असतें, आणि नेमक्या त्या स्थितींतच त्यास धोका अधिक.

शेजारच्या परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत्‌केंद्र पाण्याच्या दुर्भिक्षामुळें २०१३ सालच्या फेब्रुवारींत बंद ठेवावें लागलें. तेथें पाण्याचा अभाव नडला. परंतु थांबलेल्या जनित्रास पाणीच वैरी होतें. चालत्या यंत्राचीं वेटोळीं उष्ण असल्यामुळें त्यांत ओल टिकत नाहीं. यंत्र निवलें, कीं पावसाळी हवेंतील दमटपणा तारांवरील निरोधक वेष्टनांत शिरूं लागतो. म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वीं वेष्टनाचा विरोध मोजतात. त्यासाठीं असलेल्या उपकरणास मेगर म्हणतात. हें व्यापारी नांव इंग्लंडांत १९०३ सालीं नोंदलें गेलें.

चारशें व्होल्टच्या साधारण तारजोडणीस ५०० व्होल्टचा एकदिश दाब लावून निदान १ मेगओहम, म्हणजे दहा लक्ष ओहम, विरोध मिळावा, असा जुना प्रघात आहे. ओहमच्या नियमानें अशा वेळीं केवळ अर्धा मिलिअँपिअर प्रवाह गळतो. सुई याहून खालीं आली तर काय करावें?

प्रथम मेगरचीच परीक्षा करावी. टोकें अलग असतां सुई अनंतावर व जोडलीं असतां शून्यावर आली पाहिजे. नंतर जनित्र चुकूनहि सुरू होऊं नये म्हणून बॅटरी सोडवावी. न्यूट्रल व अर्थ यांस जोडणारी पट्टी काढावी. ती राहिल्यास निर्दोष यंत्रहि शून्य दाखवील. व्होल्टेज-नियामक व डायोड हेहि अलग करावेत, नाहींतर परीक्षेच्या दाबानें ते जळतील.

आतां दोषाचें स्थान शोधावें. केबलचा विरोध ५० मेगओहम व वेटोळ्याचा ०.२ असेल, तर दोहोंचा समांतर विरोध ०.२ पेक्षांहि किंचित् कमीच भरतो. सर्वांत दुबळा भाग बाकीच्यांचें बळ झांकून टाकतो. म्हणून तारा सोडून प्रत्येक भाग निराळा मोजावा. केबल दोषी ठरल्यास उंदरांनीं कुरतडलेली किंवा थरथरीनें पत्र्याच्या कडेस घासलेली जागा पाहावी. जोडपेटींतील धूळ, काजळी व तेल पुसून पुन्हां मोजावें. कित्येकदां एवढ्यानेंच काम भागतें.

वेटोळें दोषी असेल तर दाब कांहीं मिनिटें कायम ठेवावा. आंकडा हळूहळू चढला तर वेष्टन बहुधा कोरडें आहे. जागच्या जागीं राहिला तर ओल किंवा मळ आहे असें समजावें. मंद उष्ण हवेनें सुकवून पुन्हां परीक्षा घ्यावी. तरीहि शून्यच आलें, तर वेष्टन फाटलें किंवा जळलें असून वेटोळें नव्यानें भरावें लागेल.

उष्णतेचेंहि भान हवें. तपमान दर १० अंशांनीं वाढतां विरोध सुमारें निम्मा होतो. ३० अंशांस ८ मेगओहम असलेलें वेटोळें ४० अंशांस सुमारें ४ दाखवितें. म्हणून लातूरच्या मे महिन्यांतील दुपारचा आंकडा डिसेंबरच्या पहाटेच्या आंकड्याशीं तसाच ताडून पाहूं नये. परीक्षा संपतांच वेटोळीं जमिनीशीं जोडून त्यांतील सांठलेला भार उतरवावा.

शस्त्रक्रिया चालू असतां वीज गेली, तर "एकदां चालवून पाहूं" असा मोह होतो. परंतु ओलें वेटोळें जळलें तर वीज तर मिळत नाहींच, आणि यंत्राच्या सांगाड्यांत प्रवाह उतरला तर त्यास स्पर्श करणाऱ्याचा प्राण जाऊं शकतो. ही परीक्षा संकटाच्या घटकेस नव्हे, तर पावसाळ्यापूर्वीं व नंतर, जाणत्या परवानाधारकाकडून करवून घ्यावी. ज्यांच्या घरीं जनित्र असेल त्यांनीं वडिलांस एकच विचारावें: तारीख, तपमान व मेगरचा आंकडा लिहिलेली वही कोठें आहे? एका दिवसाचा आंकडा आजची स्थिति सांगतो. उतरत जाणारे आंकडे मात्र येणारा दोष आधींच सांगून ठेवितात.