कुटकी : परीक्षा, गुणधर्म व लागवड

आरोग्यवर्धिनीत कुटकीचे प्रमाण इतर सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतके असते. म्हणजे भावना वगळता गुटीचा निम्मा भाग कुटकीच होय. ती निकृष्ट असेल तर पारद-गंधकादींचे संस्कार कितीही काटेकोर केले तरी अपेक्षित गुण येणार नाही. म्हणून या द्रव्याचा मुळापासून विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

परिचय : कुटकी (पिक्रोऱ्हायझा कुरोआ) ही हिमालयात सुमारे ३००० ते ४५०० मीटर उंचीवर वाढणारी बहुवर्षायू वनस्पती आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे. त्यामुळे आपल्याकडे तिची लागवड संभवत नाही. महाराष्ट्रातील औषधनिर्मात्यांस ती उत्तरेकडूनच आणावी लागते.

गुणधर्म : रस तिक्त, विपाक कटू, वीर्य शीत, गुण रूक्ष व लघु. चरकाचार्यांनी तिची गणना भेदनीय, लेखनीय व स्तन्यशोधन महाकषायांत केली आहे. कफपित्तहर व भेदन कर्मामुळे ज्वर, कामला व यकृद्विकारांत ती उपयुक्त ठरते. चूर्णाची मात्रा सामान्यतः १ ते ३ ग्रॅम. कामलेत शर्करेसह देण्याचा प्रघात आहे. गर्भिणी, अतिसारी व क्षीण रुग्णांत ती टाळावी. पिक्रोसाइड १ व २ ही तिची प्रमुख रासायनिक द्रव्ये होत.

परीक्षा : प्राचीनांनी दिलेले पर्याय हीच पहिली परीक्षा होय. ‘मत्स्यशकला’ म्हणजे माशाच्या खवल्यांसारख्या आवरणाची, ‘चक्रांगी’ म्हणजे अंगावर वलये असलेली, ‘कृष्णभेदा’ म्हणजे मोडल्यावर आत काळी दिसणारी. तुकडा बाहेरून करडा-तपकिरी असतो व सहज मोडतो. नेपाळ-सिक्कीमकडील एक निकटची जातही याच नावाने विकली जाते व तीही कडूच असते. केवळ चवीवर निर्णय देऊ नये. मोठ्या खरेदीत प्रयोगशाळेतील तपासणी करून घ्यावी. कुटकी नावाच्या भरडधान्याशी या वनस्पतीचा काहीही संबंध नाही.

लागवड : ‘काण्डरुहा’ या पर्यायात लागवडीची रीतही सूचित होते. बी अतिशय बारीक असून रोपे सावकाश वाढतात. म्हणून भूमिगत कांडाचे डोळे असलेले तुकडे लावणे सोयीचे ठरते. जमीन ओलसर, भुसभुशीत व पालापाचोळ्याच्या खताने समृद्ध असावी. पाणी साचू देऊ नये. सुमारे तीन वर्षांनी, बी पिकल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी करतात. कांडाचा काही भाग पुनर्लागवडीसाठी राखून उरलेला स्वच्छ करून सावलीत वाळवतात. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात घेस गावच्या शेतकऱ्यांनी हे पीक यशस्वीपणे घेतले आहे.

आपले कर्तव्य : औषधी भाग जमिनीखाली असल्याने रानातील कुटकी खणताना सबंध झाड उपटले जाते. अशा अमर्याद खोदाईमुळे तिचे अस्तित्व धोक्यात आले. १९९७ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा समावेश होऊन तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. तथापि शेतकऱ्यास तीन वर्षे थांबावे लागते, तर रानातला माल फुकट मिळतो. खरेदीदार केवळ स्वस्त भाव पाहील, तर लागवड टिकणार नाही. म्हणून फार्मसीचालकांनी लागवडीचा दाखला असलेला माल घ्यावा, प्रत्येक खेपेचे मूळ स्थान नोंदवावे आणि शक्य तेथे शेतकरी गटांशी आगाऊ करार करावेत. वैद्यांनीही औषध घेताना त्यातील कुटकी कोठली, असे अवश्य विचारावे. ही विचारणा वाढली तरच पुढील पिढीच्या वैद्यांस खरी कुटकी मिळेल, असे आमचे मत आहे.