डाळिंब पेल्यात नको, ताटात हवे

हिमोग्लोबिन कमी आल्याचा रिपोर्ट हातात पडला की घरात पहिल्यांदा डाळिंबे येतात. दाण्यांचा लाल रंग पाहून रक्त वाढेल असे वाटते. प्रत्यक्षात शंभर ग्रॅम दाण्यांत लोह असते जेमतेम 0.3 मिलिग्रॅम, आणि प्रौढ स्त्रीची रोजची गरज आहे 29 मिलिग्रॅम. ती एकट्या डाळिंबावर भागणार नाही.

म्हणून डाळिंब सोडायचे का? मुळीच नाही.

तेवढ्याच दाण्यांतून सुमारे 4 ग्रॅम तंतू आणि 10 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते. रस गाळला की तंतू चोथ्यात जातात आणि पेल्यात मुख्यतः साखर उरते. मधुमेह असणाऱ्यांनी तर रसापेक्षा मूठभर दाणे चावून खावेत आणि ते दिवसाच्या फळांच्या हिशेबात धरावेत.

लोह हवे असेल तर मोड आलेली मटकी किंवा मूग घ्यावेत. त्यात कांदा, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे घालून वर लिंबू पिळावे. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला, तर हा फायदा बराचसा वाया जातो.

दडपे पोहे, काकडीची कोशिंबीर, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिलेला दहीभात या सगळ्यांत दाणे शोभतात. ते शेवटी, वाढताना घालावेत. शिजवल्यास रंग उतरतो, कुरकुरीतपणा जातो आणि क जीवनसत्त्वही घटते. कच्छची दाबेलीही वरून पेरलेल्या दाण्यांशिवाय अपुरी वाटते. उत्तरेत छोल्यांना आंबटपणा देणारा अनारदाणा मात्र वेगळा. ते आंबट डाळिंबाचे वाळवलेले दाणे असतात. ते भरडून आमटीत चिंचेऐवजी वापरता येतात.

भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापूरच्या डाळिंबांतला ‘भगवा’ वाण मऊ बियांचा असल्याने ज्येष्ठांनाही चावायला सोपा जातो. सोलण्याचा कंटाळा येत असेल तर फळाच्या फोडी पाण्याच्या भांड्यात मोकळ्या कराव्यात. दाणे तळाशी बसतात, पांढरा पापुद्रा वर तरंगतो.

लहान बाळांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकू शकतात. कुस्करून, गाळून द्यावेत. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमचे पथ्य असेल किंवा रक्त पातळ करणारे वॉरफेरिन चालू असेल, तर रोज डाळिंब सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या असतील, तर डाळिंबाच्या भरवशावर त्या बंद करू नयेत.